चहा स्वस्त झाला होता, तरी अमेरिका पेटली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत आणि त्यानिमित्ताने पेपरात, व्हॉट्सॲपवर, यूट्यूबवर सगळीकडे तीच दोन ओळींची गोष्ट फिरतेय की इंग्रजांनी चहावर जबर टॅक्स लावला, लोकांनी चहा समुद्रात फेकला आणि मग वॉशिंग्टनने युद्ध जिंकलं. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते आणि मुलंही हेच पाठ करून येतात, "कारणे" म्हणून सहा मुद्दे, पुढे सहा सनावळ्या, झालं. या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे मधली बारा वर्षं, १७६३ ते १७७५, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. राजाला मनापासून आपला राजा मानणारी, इंग्रज असण्याचा अभिमान बाळगणारी माणसं बारा वर्षांत त्याच राजाच्या सैन्यावर बंदुका रोखून उभी कशी राहिली हा खरा प्रश्न आहे.

आधी चहाचंच सांगते. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने अमेरिकेतला चहावरचा टॅक्स वाढवला नव्हताच. एक पौंड वजनाच्या चहामागे ३ पेन्स ड्युटी होती ती १७६७ च्या कायद्यातली जुनीच. नवीन कायद्याने काय केलं तर ईस्ट इंडिया कंपनीला ब्रिटनमध्ये भरावी लागणारी ड्युटी सोडून दिली आणि स्वतःच्या एजंटांमार्फत थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली, त्यामुळे चहा उलट स्वस्तच होणार होता. आणि एकूण टॅक्सचं बघितलं तर ब्रिटनमध्ये राहणारा माणूस अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी पटीने जास्त भरत होता. म्हणजे पोटाला चिमटा बसला म्हणून लोक उठले हे गणित इथे बसतच नाही. मग स्वस्त चहा पाण्यात का घातला? कारण तो विकत घेतला की ३ पेन्स आपोआप भरले जाणार आणि एकदा भरले की आपण ज्यात एकही माणूस निवडून पाठवत नाही त्या लंडनच्या पार्लमेंटला आपल्या खिशात हात घालायचा हक्क आहे हे आपणच कबूल केल्यासारखं होणार. भांडण ३ पेन्सचं नव्हतं, ते ३ पेन्स घ्यायचे की नाही हे ठरवणार कोण याचं होतं.

सुरुवात होते १७६३ ला. ब्रिटनने सात वर्षांच्या युद्धात फ्रान्सला हरवलं, कॅनडा घेतला आणि अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये लोकांनी जल्लोष केला, कारण त्यांची मुलंही त्यात लढली होती, तरुण वॉशिंग्टनही लढला होता. पण हा विजयच पुढे महागात पडला. उत्तरेला फ्रेंच होते तोवर वसाहतींना ब्रिटिश सैन्याचा आधार लागायचा, ती भीती गेली तशी गरजही कमी झाली. इकडे ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज युद्धापायी जवळपास दुप्पट झालं, वर अमेरिकेत सुमारे १० हजार सैनिक कायम ठेवायचं ठरलं, त्याचा खर्च वेगळा. लंडनचं म्हणणं असं की तुमच्या रक्षणासाठी एवढा पैसा गेला तर थोडा भार तुम्ही पण उचला, आणि हे म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असं मला वाटत नाही. पण वसाहतींतले लोक विचारत होते की शत्रू तर गेला, मग हे सैन्य नक्की कुणावर नजर ठेवायला?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने जाहीर केलं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे कुणी वस्ती करायची नाही. पाँटियाक आणि इतर मूळनिवासी सरदारांनी त्या भागातले ब्रिटिश किल्ले एकामागून एक घेतले होते आणि सरकारला आणखी एक युद्ध परवडणारं नव्हतं. पण ज्या जमिनीकडे डोळे लावून बसले होते ती हातातून गेली म्हणून छोटे शेतकरी चिडले आणि तिथल्या जमिनीत पैसे गुंतवलेले व्हर्जिनियातले बडे मळेवाले पण चिडले, त्यात वॉशिंग्टनही आलाच.

१७६४ चा शुगर अ‍ॅक्ट मुलांना एका ओळीत संपवायला सांगतात, मी मुद्दाम थांबते, कारण त्यात काकवीवरची ड्युटी गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्स केली होती, निम्मी! तरी बोस्टनचे व्यापारी भडकले. आधीचे ६ पेन्स कागदावरच होते, कस्टमच्या माणसाला काहीतरी देऊन माल उतरायचा, सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना चालत होतं. आता ३ पेन्स खरोखर वसूल होणार होते आणि स्मगलिंगची केस झाली तर ती नौदलाच्या कोर्टात चालणार जिथे ज्युरीच नसते. इंग्रज माणसाला ज्युरी म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्क वाटायचा. टॅक्स कमी झाला आणि राग वाढला, याचं कारण इथे आहे.

मग आला स्टॅम्प अ‍ॅक्ट, मार्च १७६५. कोर्टाचे कागद, जमिनीचे व्यवहार, वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्त्यांचे कॅट, फासे, सगळ्याला सरकारी शिक्क्याचा कागद लागणार आणि त्याचे पैसे स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश चलनात, द्यायचे, जे वसाहतींमध्ये आधीच मिळत नव्हतं कारण कागदी पैसा काढायलाही आदल्या वर्षी बंदी घातलेली. या कायद्याने एक मोठी चूक केली, समाजात जे सगळ्यात जास्त बोलतात आणि लिहितात, म्हणजे वकील, छापखानेवाले, गुत्तेवाले, त्यांना एकदम अंगावर घेतलं. व्हर्जिनियाच्या असेंब्लीत पॅट्रिक हेन्रीने ठराव मांडले की आमच्यावर टॅक्स लावायचा अधिकार फक्त आमच्या असेंब्लीला, आणि ते ठराव पेपरांमधून गावोगाव गेले, काही पेपरांनी तर जे पासच झाले नव्हते तेही छापून टाकले.

बोस्टनमध्ये ऑगस्टमध्ये स्टॅम्प विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, त्याच्या घरावर जमाव गेला, त्याने काम सोडलं. बारा दिवसांनी लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सनच्या घराची अक्षरशः धूळधाण केली, दारं-खिडक्या-कपाटं, पुस्तकं, सगळं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण स्वातंत्र्यलढा म्हटला की आपण तो फार सोवळा करून टाकतो. तो तसा नव्हता. त्या जमावाचा पुढारी मॅकिंटॉश नावाचा चांभार होता आणि त्याला पुढे करणारे सुशिक्षित व्यापारी मागून घाबरले होते की हे आपल्या हातात राहील का.

१ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा स्टॅम्प विकायला जवळपास कुणीच उरलं नव्हतं. नऊ वसाहतींच्या प्रतिनिधींनी न्यूयॉर्कला एकत्र बसून निवेदन तयार केलं, व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल घ्यायचं बंद केलं, मग लंडनचेच व्यापारी पार्लमेंटकडे ओरडत गेले आणि मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला. घंटा वाजल्या, दिवे लागले, आनंदीआनंद. न्यूयॉर्कच्या लोकांनी तर कृतज्ञता म्हणून राजाचा घोड्यावर बसलेला शिशाचा पुतळा करायचं ठरवलं आणि तो १७७० मध्ये बसवलासुद्धा. एवढी निष्ठा होती! पण पार्लमेंटने स्टॅम्प अ‍ॅक्ट मागे घेतानाच दुसरा छोटा कायदा करून ठेवला होता की वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या आनंदात त्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही.

मला विचाराल तर सगळं वळण इथे आहे. एका हाताने सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने अधिकार ठणकावून सांगायचा, हे लंडनने दहा वर्षांत पुन्हा पुन्हा केलं. सवलतीने समोरच्याला कळलं की दबाव टाकला की सरकार वाकतं, आणि त्या ठणकावण्याने कळलं की विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही चुकीचे धडे सरकारने स्वतःच शिकवले.

लंडनचा युक्तिवादही समजून घ्यायला पाहिजे, कारण परीक्षेत त्याला कुणी विचारत नाही. ते म्हणायचे की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या गावांनाही पार्लमेंटमध्ये स्वतंत्र खासदार नाही, तरी ते टॅक्स भरतात, कारण पार्लमेंट सगळ्या साम्राज्याचं भलं बघतं. त्यांना हे अगदी सरळ वाटत होतं. पण व्हर्जिनियात १६१९ पासून स्वतःची असेंब्ली होती, दीडशे वर्षं लोक आपला टॅक्स आपणच मंजूर करत आले होते, त्यांना मँचेस्टरचं उदाहरण देऊन काय उपयोग? फार तर ते म्हणतील की मँचेस्टरवर पण अन्यायच होतोय.

१७६७ मध्ये टाउनशेंड या अर्थमंत्र्याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर ड्युटी बसवली. पैसा थोडाच येणार होता, पण तो पैसा कशाला वापरायचा ते बघा. गव्हर्नर आणि जज यांचे पगार त्यातून द्यायचे. तोवर गव्हर्नरचा पगार बहुतेक ठिकाणी असेंब्ली मंजूर करायची, म्हणजे गव्हर्नर कितीही राजाचा माणूस असला तरी त्याला लोकांच्या प्रतिनिधींशी जुळवून घ्यावंच लागायचं. ती एकच दोरी लोकांच्या हातात होती, तीच कापायला निघाले. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन डिकिन्सनने एका शेतकऱ्याच्या नावाने पेपरांत पत्रं लिहायला सुरुवात केली, बारा पत्रं, आणि जवळपास सगळ्या वसाहतींतल्या पेपरांनी ती छापली. पेपरातल्या पत्रांनी काय होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बहिष्कार परत सुरू झाला आणि या वेळी तो घरात शिरला. लंडनचं कापड नको म्हणून बायका एकत्र जमून सूत काततायत, जाडंभरडं घरचं कापड घालणं ही अभिमानाची गोष्ट झालीय, चहाऐवजी पाल्याचे काढे पितायत. आपल्याकडच्या वाचकांना १९०५ ची स्वदेशी आणि पुण्यातली परदेशी कपड्यांची होळी आठवेल. पुढे १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या इडन्टन गावात ५१ बायकांनी बहिष्काराच्या बाजूने स्वतःच्या सहीने ठराव केला, त्या काळात बाईने राजकीय कागदावर सही करणं म्हणजे काय! लंडनच्या व्यंगचित्रकारांनी त्यांची टिंगल केली.

१ ऑक्टोबर १७६८ ला बोस्टनमध्ये सैन्य उतरलं. सोळा-एक हजार वस्तीचं गाव आणि त्यात शेकडो लाल डगलेवाले रस्त्यारस्त्यावर. सैनिकांना पगार कमी म्हणून ते सुट्टीच्या वेळात कमी मजुरीत गावातली कामं धरायचे, गावातल्या मजुराच्या पोटावर पाय. दोरखंडाच्या कारखान्यात यावरून मारामाऱ्या झाल्या आणि तीन दिवसांनी, ५ मार्च १७७० च्या रात्री, कस्टम हाउससमोर बर्फाचे गोळे आणि शिव्या खाणाऱ्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. त्यातला पहिला क्रिस्पस अ‍ॅटक्स, खलाशी, आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा. पॉल रिव्हिअरने त्याचं चित्र छापलं त्यात सैनिक ओळीत उभे राहून हुकमावर गोळ्या घालताना दाखवलेत, जे खरं नव्हतं, पण घराघरात ते चित्र गेलं. आणि त्याच सैनिकांची केस लढवली जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा प्रेसिडेंट झाला, कॅप्टन सुटला, आठपैकी सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांना मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, रागाच्या भरातही त्या गावाने कोर्ट चालू दिलं.

आणि योगायोग असा की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडच्या ड्युट्या काढून टाकायचा प्रस्ताव मांडत होता, फक्त चहावरची ठेवून. ती का ठेवली? हक्क दाखवायला. परत तेच.

पुढची दोनतीन वर्षं वरवर शांत गेली. पण नोव्हेंबर १७७२ मध्ये तिथला पुढारी सॅम्युएल अ‍ॅडम्स याच्या सांगण्यावरून बोस्टनच्या गावसभेने पत्रव्यवहार कमिटी नेमली आणि बाकीच्या गावांना लिहिलं की आमच्या मते आपले हक्क हे आहेत, तुमचं काय म्हणणं आहे? आणि गावांनी उत्तरं पाठवली, थोड्याच महिन्यांत शंभराहून जास्त गावांनी! शेतकरी, लोहार, चर्चचे पाद्री एका खोलीत बसून हक्क म्हणजे काय यावर वाद घालतायत आणि ठराव लिहून पाठवतायत. माझ्या मते युद्ध जिंकणारी यंत्रणा ही आहे, आणि ती पहिली गोळी सुटायच्या अडीच वर्षं आधी उभी राहिली.

आता चहाकडे परत येते कारण त्यात आपला संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात लाखो पौंड चहा पडून होता. १७६९-७० च्या दुष्काळाने बंगालात लाखोंनी माणसं मेली, तरी कंपनीने महसूल सोडला नाही. अमेरिकेतल्या पेपरांत हे छापून येत होतं. त्याच डिकिन्सनने १७७३ मध्ये लिहिलं की या कंपनीने आशियात काय केलंय ते बघा, धान्य अडवून माणसं उपाशी मारलीत, आता तीच आपल्याकडे डोळे लावून बसलीय. बंगालचा दुष्काळ बोस्टन-फिलाडेल्फियाच्या भांडणात पुरावा म्हणून वापरला गेला हे आपल्या मुलांना कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१६ डिसेंबर १७७३ ला डार्टमाउथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. बाकी बंदरांत हे झालं नाही, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चहा परत गेला, चार्ल्सटनला गोदामात बंद झाला. बोस्टनमध्ये झालं कारण तिथला गव्हर्नर हचिन्सन, तोच ज्याचं घर फोडलं होतं, जहाजं परत जाऊ देईना, आणि त्याची स्वतःची मुलं त्या चहाची एजंट होती. वीस दिवसांत ड्युटी भरली नाही तर कस्टम माल जप्त करणार, आणि ती मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

लंडनने याचं उत्तर म्हणून १७७४ मध्ये जे कायदे केले त्यांनी खरं युद्ध आणलं. १ जूनपासून बोस्टनचं बंदर बंद, चहाची भरपाई होईपर्यंत. चहा फेकला काही लोकांनी आणि उपाशी राहणार अख्खं गाव. लंडनची अपेक्षा होती की बाकीच्या वसाहती घाबरून बाजूला होतील, बोस्टनचा धंदा आपल्याला मिळेल म्हणून खूश होतील. झालं उलटं, साउथ कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या हाकत आणल्या, आणि व्हर्जिनियाच्या असेंब्लीने १ जूनला उपवास-प्रार्थनेचा दिवस ठरवला तर गव्हर्नरने असेंब्लीच बरखास्त केली, सभासद उठून जवळच्या रॅले टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले आणि तिथे सभा चालू.

पण बंदरापेक्षाही घातक होता मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत येतं तिच्या, राज्यकारभाराचा कायदा. वरिष्ठ सभागृह आता निवडायचं नाही, राजा नेमणार. ज्युरी शेरीफ ठरवणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच, जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी. चहाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, बोस्टन ज्यांनी कदाचित बघितलंही नसेल, त्या आतल्या गावातल्या शेतकऱ्याच्या दारात आता सरकार आलं. त्याची जमीन, त्याचं कर्ज याचा निकाल देणारं कोर्ट आता वरून नेमलेल्या माणसांचं.

त्यावर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान वाटतं आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला ते दिसलं नाही. ६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टर गावात कोर्ट भरायचं होतं. आजूबाजूच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं आपापल्या तुकडीने येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि जज, शेरीफ, वकील यांना त्या रांगांमधून, हातात हॅट धरून, आम्ही या नव्या कायद्याखाली काम करणार नाही असं पुन्हा पुन्हा, तीसेक वेळा वाचत चालत जावं लागलं. एक गोळी नाही, एक माणूस मेला नाही, आणि राजाची सत्ता त्या जिल्ह्यातून गेली ती परत कधी आली नाही. बोस्टनच्या बाहेर मॅसॅच्युसेट्समध्ये जागोजाग हेच झालं. जनरल गेज, जो आता हचिन्सनच्या जागी गव्हर्नर आणि शिवाय सेनापती होता, त्याचं राज्य बोस्टन शहरापुरतं उरलं. ऑक्टोबरमध्ये लोकांनी स्वतःची प्रांतिक काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरवली, जॉन हॅनकॉक अध्यक्ष, आणि गावांना सांगितलं की टॅक्स आता जुन्या खजिनदाराकडे नको, आमच्या खजिनदाराकडे भरा. ज्या लोकांना टॅक्स नको म्हणून भांडणारे असं आपण म्हणतो ते टॅक्स भरायला तयार होते, आपण निवडलेल्यांना!

फिलाडेल्फियात त्याच सप्टेंबरमध्ये १२ वसाहतींची काँग्रेस बसली, जॉर्जिया नव्हता. तिने अजून स्वातंत्र्य मागितलं नाही, राजाला अर्जच केला, पण १ डिसेंबरपासून बहिष्कार आणि तो पाळला जातोय का बघायला गावोगाव निवडलेल्या कमिट्या. या कमिट्या म्हणजे नवीन सरकारच झालं. आणि त्यांनी जुलूमही केला, हेही लिहिलंच पाहिजे, राजाच्या बाजूच्या माणसांची नावं पेपरात छापायची, त्यांच्याकडून जाहीर माफी वदवून घ्यायची, काही ठिकाणी गरम डांबर ओतून पिसं चिकटवून धिंड काढायची. शेजारी शेजाऱ्यावर उठला. युद्ध संपल्यावर हजारो राजनिष्ठ कुटुंबं घरदार सोडून कॅनडा आणि इंग्लंडला गेली, त्यांची बाजू आपण कधी वाचतच नाही.

१९ एप्रिल १७७५ ला सुमारे ७०० सैनिक कॉन्कॉर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघाले, लेक्सिंग्टनच्या मैदानात आठ गावकरी मेले, पण परतीच्या वाटेवर कुंपणामागून, झाडामागून गोळ्या खात सैन्याचे ७३ जण मेले आणि काही दिवसांत हजारो शेतकऱ्यांनी बोस्टनला वेढा दिला. एवढी माणसं एका दिवसात जमली याचं आश्चर्य वाटतं लोकांना, वूस्टर माहीत असेल तर वाटणार नाही, त्या तुकड्या आधीच कवायत करत होत्या.

आणि तरीसुद्धा! स्वातंत्र्य अजून १४ महिने लांब. जूनमध्ये बंकर हिलला ब्रिटिशांची हजारावर माणसं मेली-जखमी झाली, त्यानंतरही जुलैमध्ये काँग्रेस राजाला विनंती करतेय की तुमच्या मंत्र्यांपासून आम्हाला वाचवा. राजाने अर्ज घेतलाच नाही, ऑगस्टमध्ये यांना बंडखोर म्हणून जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये नौदलाने फालमाउथ गाव जाळलं. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोर मालकांच्या गुलामांना सांगितलं की आमच्या बाजूने लढा, तुम्ही स्वतंत्र, आणि तोवर कुंपणावर बसलेले दक्षिणेतले मळेवाले घाबरून एका झटक्यात बंडाकडे गेले. मग बातमी आली की राजा जर्मन भाडोत्री सैनिक पाठवतोय. आणि जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन, जो इंग्लंडहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्याने कॉमन सेन्स नावाची पुस्तिका काढली, साध्या माणसाला कळेल अशा भाषेत, की दोष मंत्र्यांचा नाही, पार्लमेंटचा नाही, राजा असणं हाच दोष आहे. जे मनात असूनही कुणी उच्चारत नव्हतं ते छापून आलं. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याच्या बाजूने मतदान केलं, ४ ला जाहीरनामा मंजूर, ९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये तो वाचून दाखवल्यावर लोकांनी तो कृतज्ञतेचा पुतळा पाडला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या.

युद्धावर फार लिहीत नाही, त्याबद्दल भरपूर छापून येतं. १७७७ ला साराटोगाला ब्रिटिश सैन्य शरण आलं, मग १७७८ ला फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने आला, फ्रेंच आरमार आणि फ्रेंच सैन्याशिवाय १७८१ चं यॉर्कटाउन झालंच नसतं. तिथे शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि बंगालात कायमधारा पद्धत लावून गेला. ब्रिटन त्या वर्षांत इकडे मराठ्यांशीही लढत होता, १७७९ ला वडगावला मान खाली घालत होता, हे एकाच नकाशावर मुलांना दाखवलं पाहिजे.

पण त्या जाहीरनाम्याचा गौरव करताना एक गोष्ट वगळू नये. सगळी माणसं समान आहेत म्हणणाऱ्या त्या २५ लाख वस्तीच्या देशात सुमारे ५ लाख माणसं गुलाम होती. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता तो काँग्रेसने कापला, आणि जेफरसन स्वतः गुलामांचा मालक. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी १७७३ पासूनच अर्ज केले होते की तुम्ही स्वातंत्र्य मागताय ते आम्हालाही द्या. युद्ध संपताना सुमारे ३ हजार काळी माणसं ब्रिटिश जहाजांतून न्यूयॉर्क सोडून गेली, कारण त्यांच्यासाठी स्वातंत्र्य त्या बाजूला होतं. आणि १७८३ च्या तहात मिसिसिपीपर्यंतची जमीन अमेरिकेला देऊन टाकली तेव्हा तिथे राहणाऱ्या मूळनिवासींना कुणी विचारलंसुद्धा नाही, त्यांच्या नावाचा उल्लेखही तहात नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच की जुलैत आपण या विषयावर पुरवणी काढणार असाल तर एक पान तरी या बारा वर्षांना द्या, गावसभा, कमिट्या, सूत कातणाऱ्या बायका, पेपरातली पत्रं यांच्यावर कुणा जाणकाराकडून लिहून घ्या, मी ते वर्गात वाचून दाखवीन. पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, जागा कमी पडली तर युद्धाचा भाग खुशाल कापा, वूस्टरचा मात्र ठेवा.

आपली,
इतिहास शिकवणारी एक वाचक